हुर्राकाची भाटी, केरी-सत्तरी

पुरसोकाका एक ओंडका मागे ओढतो.
"उजो चड जालो की करपता, बाय."

पश्चिमेला मृग कलंडलाय.
त्याच्या मस्तकातल्या निळ्या ताऱ्यापाशी
ढगाचा एक तुकडा आहे, इथून न दिसणारा.
सहा महिने मी त्याचेच आकडे मांडतेय.

ताऱ्याच्या उजेडानं त्याची कड जळते,
उडून जाते,
आणि उडता उडता मागे रेटते
उरलेल्या थंड काळोखाला
आत, आणखी आत,
तो स्वतःच पेटेपर्यंत.

"आनी ल्हान आसलो जाल्यार?"

तर नुसताच उडतो, काका.
माझे बरेचसे उडालेच.

तो काही बोलत नाही. नळीखाली बाटली सरकवतो.
एक थेंब. मग कितीतरी वेळ काहीच नाही.
आम्ही दोघं वाकून बघत राहतो.