स्पूल क्रमांक चार

पासोड्या विठोबापासून आत, दुसऱ्या बोळात,
जिन्याखाली माझं दुकान.
पाटीवरचा 'टेप' शाबूत, 'रेकॉर्डर' पुसट.
फारसं कोणी येत नाही आता.
आलंच, तर मेलेल्या माणसाचा आवाज घेऊन येतं.

फिलोमिना साळवे बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या.
कॅम्पातल्या शाळेत एकतीस वर्षं क्लार्क.
डब्यात सात स्पूल, एक जपमाळ
आणि डांबरगोळ्यांचा वास.
"सिस्टर ब्रीदच्या आहेत. गणित शिकवायच्या.
आयर्लंडच्या. मामा गायचा म्हणे त्यांचा."
म्हणे, कारण कोणी ऐकलंच नव्हतं.
कॉन्व्हेंटात मशीन नव्हतं,
आणि सिस्टरनी चाळीस वर्षांत ते मागितलं नाही.

फितीला बुरशी.
तीन दिवस कापूस आणि स्पिरिट:
वीतभर पुढे, थांब, पूस, वीतभर पुढे.
शनिवारी दुपारी, समोरच्या दुकानात
कोणाच्या तरी लग्नाचे स्पीकर तपासत असताना,
तो गायला लागला.

पेटी नाही, तबला नाही, टाळीसुद्धा नाही.
षड्ज धरून बसलेली फक्त किटली.
मला वाटलं, एक ट्रॅक गेला.
वायर हलवून पाहिली.
गेलेलं काहीच नव्हतं.
एक म्हातारा, थोडा नाकातून,
सरळ रस्ता समोर असताना
बोळाबोळातून घरी जाणाऱ्या माणसासारखा
एकेका शब्दाला वळसे घालत चाललेला.

भाषा कळेना. लेबलावर लिहू काय?
एक: कुत्रा भुंकतो ते.
दोन: लांबलचक. बहुतेक बोट बुडते.
तीन: खुर्ची करकरते, कोणीतरी हसतं.
चार कोरं ठेवलं.

चारमध्ये तो अडला.
कडव्याच्या मधोमध श्वास घेतला
आणि पुढचा शब्द आलाच नाही.
मीटरचा काटा खाली पडून.
किटली. घड्याळ. कोणाचा तरी बूट.
अकरा सेकंद. सवयीने मोजले.
कापून टाकू ही फट, असं मनात आलंही,
गिऱ्हाइकाला सलग लागतं.
तेवढ्यात मागून, माइकपासून लांब,
एका मुलीने हळूच शब्द दिला.
पुरता नाही, सुरुवातच.
त्याने तो उचलला आणि निघाला पुढे,
आभार नाही, काही नाही,
जणू वाटेत तो तिथे ठेवलेलाच होता.

फोन केला. बाई रिक्षाने आल्या.
हेडफोन लावला, चष्मा काढून.
अकरा सेकंद त्याही श्वास धरून.
"त्याच," म्हणाल्या.
"तेराचा पाढा अडला पोरींचा, की अशाच द्यायच्या.
एक्क्याण्णव म्हणायच्या नाहीत. नुसतं 'एक्क्या'."

वीसेक वर्षांची असेल.
सिस्टर व्हायची होती अजून.
बोटीचं तिकीट निघालं होतं का,
गाणाऱ्याला ते ठाऊक होतं का,
फीत सांगत नाही.
फितीला किटलीचं पक्कं ठाऊक आहे, बाकी कशाचं नाही.

चौथं लेबल मग बाईंच्या समोरच लिहिलं:
मुलगी शब्द देते.
त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं,
आणि बोटावरची शाई माझ्याच फडक्याला पुसली.

एक सांगायचं राहिलं.
शेवटची ओळ तो गात नाही, कुठल्याच गाण्याची.
सूर मध्येच खाली ठेवतो
आणि उरलेले चार शब्द नुसते बोलतो,
भराभर, बाजारातून आल्यावर हिशोब सांगावा तसे.
पहिल्यांदा मी मशीनच उघडलं होतं, पट्टा घसरला म्हणून.
पट्टा ठीक होता.
इतका वेळ ज्या आवाजात तो होता
त्यातून परत खुर्चीवर यायला
त्याच्याकडे दुसरा रस्ता नसणार.

बाईंनी डबा बंद केला. झाकण दोनदा दाबलं.
चौदाशे झाले. सुट्टे आहेत का, मी विचारलं.