डावीकडे

फ्लेक्स आल्यापासून माझे ब्रश डब्यात होते,
रॉकेलच्या वासात झोपलेले.
शर्वरीने विचारलं, काका, चिठ्ठ्या लिहाल का?
कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात दोन दिवस
लोक आपापली गोष्ट हाताने करून मांडणार आहेत,
कुठून आलो, काय घेऊन आलो.
विकत आणलेलं काही चालणार नाही.
भिंतींना लावायला मार्केटातली कांद्याची गोणपाटं,
उसवून, दोनदा धुऊन. वास तरी जाईना.

चार ओळींत बसवा, ती म्हणाली.
दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला
चार ओळी म्हणजे चैन.
'येथे दळण मिळेल' एवढ्यात मी संसार केला.

मारुती चाळके पोती ओढायचा आकडा घेऊन आले,
पाटणहून निघाले त्या वर्षीचा.
ठेवून जा म्हटलं तर म्हणाले,
ठेवतो कसा? सोमवारी लागतो.
मग पुठ्ठ्यावर आडवा धरला, भोवती पेन्सिल फिरवली.
आकडा परत कमरेला गेला.
राहिली ती रेघ आम्ही मांडली.

तुर्भे स्टोअरची अंजू मंजुळकर, नववीतली,
तिने शाडूच्या अकरा चाव्या केल्या.
अकरा खोल्या झाल्या, काका.
सोडताना चावी परत द्यावी लागते ना.
सहाव्या चावीला दात नव्हते. का गं?
तिथं दार नव्हतं, पडदा होता.
मी लिहिलं: चाव्या. शाडू. अकरा.
पुढं काय लिहिणार?

शनिवारी दुपारी नामीबाई भोपी आली,
नातवाच्या स्कूटरवर, रिकाम्या हाताने.
आजी, तुम्ही कुठून आलात?
"मी नाय आले कुठून. मी हितलीच. गाव गेला."
विमानतळाखाली गेलेलं चिंचखार.
माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन
ती बराच वेळ डोळ्यांशी धरून बसली.
वाचता येत नसावं, मला वाटलं.
"ह्यो र तुझा हाय ना? शेपटीवाला?"

माझाच.
वेशीवरची पाटी मीच रंगवली होती,
सत्त्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी साली.
ग्रामपंचायतीने पैसे दिले नाहीत,
जिताड्याच्या कालवणावर बोळवण केली.
"कालवण मीच केलेला," नामीबाई म्हणाली.
"तशीच काढ पाटी."

पत्रा नव्हता. दोन पुठ्ठे जोडले, पिवळा दिला.
वाळेपर्यंत ती सांगत होती,
पाटीला म्हशी अंग घासायच्या,
वरचा अनुस्वार त्यांनीच पुसला,
पुढं कुणी घातला नाही, पोरं चिचखारच म्हणायची.
आता घालू?
"नको."

काळ्यात चार अक्षरं. शेवटच्या र ला शेपूट.
मग हात थांबला.
नावाखाली बाण असतो. बाणापुढे अंतर.
कुठं वळवू, नामीबाई?

ती उठली. पायऱ्यांवर चपला घातल्या,
रस्त्यापर्यंत जाऊन आभाळाकडे बघून आली.
एक विमान गेलं, तिने ते मोजलं नाही.
"डावीकडं व्हता. डावीकडंच काढ."

डावीकडे मीटरचं कपाट, मग एक दार,
दाराबाहेर सोसायटीचं पार्किंग.
काढला.
किलोमीटर किती?
"दोन."

रविवारी गर्दी बरी होती.
सहा-सात वर्षांचा एक पोरगा
आकड्याच्या रेघेवरून बोट फिरवून झाला,
चाव्या मोजून झाला,
मग बाण बघून सरळ डावीकडे निघाला,
कपाट ओलांडून, दार ढकलून.
बराच वेळ आला नाही.
त्याची आई हाका मारायला लागली.
आला तो गुडघ्याला धूळ लावून.
आजी, तिकडं काहीच नाही. गाड्या आहेत नुसत्या.

नामीबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चहा फुंकत होती.
बशीतून वर न बघता म्हणाली,
"जरा फुडं हाय."