सव्वा मूठ

बडगुजर सर त्या दिवशी चुंबक शिकवत होते.
कागदावर लोहकीस, कागदाखाली चुंबक,
"बघा, न दिसणाऱ्या रेषा कशा उभ्या राहतात."
आवाज आला तेव्हा वाटलं
पलीकडच्या जिनिंगमध्ये पट्टा तुटला.
दुसरा आला तेव्हा सर दाराकडे निघाले होते,
खडू हातातच.

पुढचं मी पोलिसांना सांगितलंय,
डॉक्टरीणबाईंना दोनदा.
इथे नाही सांगणार.
एवढंच, की कट्टा सातपुड्यापलीकडून आला होता
आणि तो धरणारा हात आमच्याच शाळेतला,
गेल्या वर्षी तालुक्याला कबड्डीत जिंकलेला.

बाकाखाली माझ्या हातात एक हात आला.
रुमली पावरा. वसतिगृहातली, शेवटच्या रांगेतली.
तीन वर्षं एका वर्गात, आणि मी तिच्याकडे
एकदा फक्त पट्टी मागितली होती.
दोघींचे तळवे किसाने काळे.
ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती,
मला वाटलं, देवाचं.
नंतर म्हणाली, नाही गं, मोजत होते.
विसापर्यंत, मग पुन्हा एकपासून,
बा शेळ्या मोजतो तसं.
अकरा विसा आणि चार झाले
तेव्हा बाहेरून कुणीतरी आमची नावं घेतली.

मग कुकरची शिट्टी. बाकाचं आपटलेलं झाकण.
लुनाचं फुटकं सायलेन्सर.
शाळेची भिंत रंगवली,
दाराजवळचा हातभर तुकडा
जरा जास्तच नवा दिसायचा.
आईने ताईत बांधला, मामाने उतारा टाकला,
मी रात्रभर पंख्याची पाती मोजायची.
तीनच होती.

श्रावणात कानबाईच्या रोटाचे गहू मोजायला बसली आई.
घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ.
बाबा, काका, चेतन, धाकटा.
मग तिने आणखी सव्वा मूठ टाकली.
काकू म्हणाली, "हाई कोनी व?"
"रुमलीनी."
जातं थांबलं.
रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही, हे आईनेच
मला शिकवलेलं; कणीसुद्धा दुसऱ्याला नाही.
आईने वर पाहिलं नाही.
"मनी पोर जठे वाचनी, तठेच भाऊबंदकी."
काकू बराच वेळ गप्प. मग तिने
जात्याचा खुंटा धरला, अर्ध्या बाजूने.

नारळाला नथ, नारळाला चांदीचे डोळे.
गाणी म्हणून बाया दमल्या, भिंतीला टेकून निजल्या.
मी आणि कानबाई, दोघीच जाग्या.
तिला पापण्याच नाहीत.
मी काही मागितलं नाही.
फक्त वाटलं, आता पाळी तिची आहे,
आणि उजाडायच्या आत माझा डोळा लागला.

सकाळी अनेरकडे निघालो. कोपऱ्यावर
त्याची आई उभी होती, पदर दातात धरून.
तिच्याकडे मी पाहिलं नाही.
यंदा नाही.
पुढचं मला माहीत नाही.

नदीवर फुगड्या. रुमलीने माझे हात धरले,
तीच पकड, नखं रुतवणारी.
रोट तिला कोरडा वाटला होता, पाणी पिऊन पिऊन खाल्ला;
ते सांगताना हसत होती, तेवढ्यात
मागे पोरांनी लड पेटवली
आणि माझे गुडघे गेले.
"सोडू नको," ती म्हणाली, "मोज."
आम्ही फिरत होतो,
पाणी, केळीचे बाग, बाया, पाणी,
एक विसा आणि सात,
एक विसा आणि आठ