पिकाचं नाव

पेडण्याच्या कृषी कार्यालयात, सप्टेंबर सरता सरता,
बाबुसोनं माझ्या टेबलावर ठेवली
बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात मुडपलेली एक फांदी.
फडते साहेब मीटिंगला पणजीला गेलेले.
'बाय, हाका कितें जालां पळय.'
पीक कुठलं? मी विचारलं.
भिंतीवरच्या नारळाच्या तक्त्याकडे बघत तो म्हणाला,
'भेणो. सात शिरांचो.'

पानाला बोटं सात. मी मोजली.
कडेला करवत,
आणि पुडा उलगडताच खोलीभर असा वास
की शिपाई दामू फायली टाकून खिडकी उघडायला धावला
आणि मग खिडकीशीच उभा राहिला, बराच वेळ.

एकतीस वर्षं मी पानं वाचते.
पान खोटं बोलत नाही, आणणारा बोलतो.
'पाणी बेताचंच घालतो' म्हणणाऱ्याच्या मुळांना
तुंबलेल्या गटाराचा वास येतो.
खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी:
झाड म्हाताऱ्यांच्या ताटातलं काढून पोरांना वाढतं.
कडा करपल्या, तर पालाश.
पान काळपट हिरवं, टोक चोचीसारखं वाकलेलं,
तर भूक नव्हेच, अजीर्ण.

बाबुसोच्या फांदीची खालची पानं हिरवीगार.
पिवळं होतं ते वरचं, कोवळं, परवाच उमललेलं,
आणि त्या पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या,
ओहोटीला खाजनात उरतात तशा
पाण्याच्या बारीक वाटा.

लोह.
मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
लोह कमी? ह्या मातीत?
जिथं दोरीवरचा पांढरा सदरा वाऱ्यानंच तांबडा होतो,
जिथून बार्जी भरभरून लोखंड गेलं दर्यापार
आणि तरी पायाला लागतं ते लोखंडच?

काय काय घातलंस, सगळं सांग.
त्यानं बोटं मुडपली:
गावठी गाईचं शेण. करंजाची पेंड.
बांगड्याची आतडी, गुळात महिनाभर कुजवलेली
(शेजारीण म्हणे भांडायला आली होती).
'आनी मातसो चुनो.'
मातसो म्हणजे?
'तिसऱ्यांचो. भाजून. दोन डबे.'
सगळ्या वाफ्याला?
तो पुन्हा नारळाच्या तक्त्याकडे बघू लागला.
दर झाडाला.

अरे, मातीची आंबटाईच मारलीस तू.
लोह आहे तिथंच आहे, मुळाच्या नाकासमोर,
पण विरघळत नाही. झाडाला दगड चावता येत नाहीत.
आता चुना बंद. वरून काहीही ओतू नकोस,
कुणी कितीही छातीठोक सांगो.
काजूचा कुजका पाला पसर. थांब.
पिवळी झाली ती पानं पिवळीच राहतील,
त्यांच्या उशाशी बसू नकोस.
पुढचं फुटेल ते बघ.

'कितले दीस?'
पंधरा. वीस धर.
'तितले दीस तीं थंय उरलीं जाल्यार,' तो म्हणाला,
आणि पुडा घडी करून खिशात घातला.

नोंदवहीत रकाने भरायचे होते.
शेतकरी: बाबुसो. गाव: कोरगाव.
लक्षणं: मी अर्धं पान लिहिलं, नको इतकं बारीक.
मग पिकाचं नाव.
पेन थोडा वेळ हवेत.
दामू अजून खिडकीशीच.
लिहिलं: भेंडी, देशी वाण.

पुढच्या चवथीच्या आदल्या दिवशी, माटोळीच्या बाजारातून
घामानं निथळत तो आला, पिशवी टेबलावर ओतली.
भेंड्या. खरोखरच्या. वीतभर लांब.
दामूनं एकीच्या शिरा मोजल्या, सात,
आणि माझ्याकडे बघून उगाच खोकला.
तिकडचं काय झालं ते मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.

पिशवीच्या तळाला एक पान चिकटलं होतं, भेंडीचंच,
रुंद, खरखरीत, देठापासून टोकापर्यंत सारखंच पिवळं.
खालचं ना हे? मी म्हटलं. नत्र.
'ह्या खेपेक चुनो घालूंक ना, बाय,'
तो म्हणाला,
आणि नारळाचा तक्ता सोडून
पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.