माया किती ठेवायची

टाकोराडीला, मार्केट सर्कलच्या मागे आमचं दुकान.
मी शिकाऊ. दोन वर्षं झाली,
अजून काजं आणि हातशिलाईच माझ्याकडे.
कापतात फक्त अराबा मॅडम.

गिऱ्हाइकं त्यांच्या पोटाकडे बघून हसतात: कितवा महिना?
त्या टाचण्या दातांत धरतात, म्हणजे बोलावं लागत नाही.
डॉक्टर म्हणाला, वीस आठवड्यांएवढं आहे.
गाठीसुद्धा बाळाच्याच मापानं मोजतात.

एप्रिलपासून त्या काळंच घालतात.
स्टुलावर घडी केलेला टॉवेल.
त्या उठल्या की मी आधी टॉवेलकडे बघते,
त्या माझ्याकडे,
मी मान हलवते.
किंवा नाही हलवत, आणि दाराला कडी लावते.

सेकोंडीच्या इस्पितळात डॉक्टरनं पाठकोऱ्या कागदावर
पपईसारखं काहीतरी काढलं. आत पाच गोळे,
एक भिंतीत रुतलेला, मोसंब्याएवढा.
नुसत्या गाठी काढू, पिशवी राहील,
रक्त बरंच जाईल, गाठी परत येऊ शकतात.
नाहीतर पिशवीच काढू. मग काही येणार नाही.
(हे तो चांगल्या अर्थानं म्हणाला.)
तिसरं अक्राला होतं, जांघेतून नळी घालून,
त्याचा आकडा ऐकला
आणि मॅडमनी कागदाची घडी घातली.

मावशी म्हणाली, एक्केचाळीस वय, पिशवी सांभाळतेस कुणासाठी?
पास्टरच्या बायकोनं उपास सांगितला.
बेन्टिलदादा जहाजावरून फोनवर म्हणाले, तुला हवं ते कर.
दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज वेगळा होता.

हिमोग्लोबिन सात. आधी रक्त वाढवा,
आणि रक्त देणारी तीन माणसं आणा.
मग रोज कोन्तोमिरेची भाजी, माल्टमध्ये दूध,
आणि माणसं: त्यांचा भाऊ, शेजारचा वेल्डर, मी.
माझं वजन भरेना.
मोठी कात्री खिशात घालून मी काट्यावर उभी राहिले.

मंगळवारी सहीचा कागद. खाली एक ओळ:
रक्त थांबलंच नाही, तर पिशवी काढायची परवानगी आहे का?
त्या ओळीपाशी मॅडम पाऊण तास बसल्या.
नर्सनं पेन बदलून दिलं. तिला वाटलं, शाई संपली.
लोकांच्या कापडाला विचारल्याशिवाय कात्री न लावणारी बाई,
आणि इथे झोपेत असताना कोण विचारणार,
म्हणून आत्ताच विचारत होते.

काय लिहिलं, मला सांगितलं नाही.
दुकानात आल्या, कुणाच्यातरी लग्नाचं कापड टेबलावर पसरलं,
खडू माझ्या हातात दिला.
मी रेघ मारली. अगदी मापावर.

अगं, माया? माया किती ठेवलीस?
शिवण चुकली तर उसवायला,
बाई भरली तर सोडायला?

मी पुसलं. दीड इंच बाहेरून पुन्हा मारली.
त्या बघत होत्या, एक हात पोटाखाली,
दुसऱ्याचं ओझं क्षणभर धरावं तसा.

हं, म्हणाल्या. काप.