डावा उंबरा

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे,
जिथे लाकडाचा भुसा चहाच्या कपातही उतरतो,
तिथे अप्पांची फियाट
चार ठोकळ्यांवर उभी आहे, चाकांशिवाय.

अब्बास मणेर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढतो
(रंगाला ओरखडा नको म्हणून फडकं,
जो रंग तो उद्या खरवडणारच आहे)
आणि दारावरून फिरवत नेतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून हात न्यावा तसं.
चिकटतं. चिकटतं. चिकटतं.
मागच्या मडगार्डाच्या कडेला सुटतं
आणि त्याच्या तळहातात पडतं.
"इथं गाडी नाही," तो म्हणतो. "इथं नुसती लांबी आहे."

मी तर सगळ्यांना सांगत आले होते,
चौसष्टची आहे, पण पत्रा बघा,
एक फोड नाही.
"फोड आला म्हणजे उशीर झाला, ताई.
दोन पत्रे जिथं एकमेकांवर बसतात
त्या फटीत पाणी राहतं, तिथनं सुरू होतं.
रंगाला सगळ्यात शेवटी कळतं."

मग हातोडी. तो गाडीला विचारत जातो,
टण्, टण्, टण्,
आणि मध्येच ठप्प,
भिजलेल्या पुठ्ठ्याचा आवाज.
दाराखालच्या पोकळ पेटीला तो उंबरा म्हणतो.
डाव्या उंबऱ्यात टोचा मुठीपर्यंत गेला.

ग्राइंडर लागला.
बाकी सगळीकडे मोतिया रंगाखाली
पिस्त्याचा हिरवा निघत होता,
जो फक्त आईला आठवायचा.
इथे हिरवा नव्हता.
मोतियाखाली सरळ लांबी, करंगळीएवढी जाड,
लांबीखाली गोणपाट, अजून विणीसकट,
आणि त्याखाली पत्रा नव्हेच,
चिरोट्यासारखे सुटे पापुद्रे.
मूठभर, दोन मुठी, मग सुपलीभर.

अब्बासने ग्राइंडर बंद केला.
गोणपाटाची कड अंगठ्याने चाचपली.
कड आत दुमडलेली होती,
उशीच्या अभ्र्याची दुमडतात तशी.
"हे माझं काम," तो म्हणाला.

चहा आला. त्याने घेतला नाही.
"एक्याण्णव साल. उस्तादांकडं होतो, रोज वीस रुपये.
तुमचे वडील आले. विकायची म्हणाले.
साताऱ्याचा वकील येतोय रविवारी,
रविवारपुरती कर.
केली.
पाणी जायची भोकंसुद्धा बुजवली,
वकील वाकून बघेल म्हणून."

मग वकील आलाच नाही का?

"आला. आवडली. नोटा मोजायला लागला.
मी तिथंच, पॉलिशचं फडकं हातात.
तुमच्या वडिलांनी ऐन वेळी
दोन हजार वाढवून मागितले.
तो गेला निघून.
मला वाटलं, काय हावरा माणूस आहे."

पुढचे आठ दिवस तो कापत राहिला.
गंजाच्या पुढे दोन बोटं चांगला पत्राही,
कारण टाका धरायला कड निरोगी लागते.
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर साचा आखला,
त्यावर नवा पत्रा कापला,
इथे एक टिपका वेल्ड, मग पार तिकडे एक,
एकाच जागी रेटलं तर पत्रा रुसतो.
आतून पातळ मेण सोडलं.
भोकं उघडी ठेवली,
करंगळी घालून दाखवली मला, एक एक.

बिलात डाव्या उंबऱ्याची मजुरी नव्हती.
मी विचारलं नाही.

अप्पा आता ताईकडे असतात, कोथरूडला.
जिना उतरवत नाही त्यांना.
रात्री फोनवर रंग विचारला नाही,
खर्च विचारला नाही.
म्हणाले, "डावा उंबरा उघडला का?"
मी म्हटलं, हो.

बराच वेळ नुसता त्यांचा टीव्ही ऐकू येत होता.

"डेंटर कोण आहे?"