विसर्ग

साउथ शील्ड्सचं इस्पितळ, वॉर्ड नऊ.
मला तासाचे पैसे मिळतात,
अर्ध्या तासात आटोपलं तरी पूर्ण तासाचे.
म्हणून शब्द शोधताना मी घाई करत नाही.

डेनिस नडगीवरची पट्टी उचलून विचारते,
एनी डिस्चार्ज?
काका, पाणी येतंय का? पू, चिकट असं काही?
शरफुद्दीन परकार, वय एक्क्याऐंशी,
या गावात बावन्न वर्षं, मुक्काम अजूनही बाणकोट,
म्हणतात, रातीचा येतो जरासा. चादरीला विचार.

मग डॉक्टर येतात. उभ्याउभ्याच
शुक्रवारच्या पुढे लिहून जातात
तोच शब्द.
आता त्याला वास नाही.

‘माला सोडलानी का?’
सोडलं, काका. शुक्रवारी घरी.

घरी हा शब्द डॉक्टरांच्या वाक्यात नव्हता,
तो मी पदरचा घातला.
दुभाष्याने असं करायचं नसतं.

काका उशीखालून निळं पुस्तक काढतात.
ह्याला आमच्याकडं नळी म्हणतात, सांगतात,
आजा कागद पत्र्याच्या नळीत ठेवायचा,
माणूस भिजला तरी कागद भिजू नये म्हणून.
जहाजाचं नाव. चढल्याची तारीख. उतरल्याची.
आणि शेवटच्या रकान्यात वर्तणूक.
सफर संपली की एक डिस्चार्ज, एक शिक्का:
व्हेरी गुड, व्हेरी गुड, व्हेरी गुड,
शाई फिकी होत होत
मधेच एका ओळीत, एकाहत्तर साल, ग्लासगो:
अभिप्राय देण्यास नकार.

काय केलं होतंत?
‘भात कच्चा आहे म्हटलं.’
एवढंच?
‘चौदा जणांच्या वतीनं म्हटलं.
इंग्रजी माला एकट्यालाच येत होता.’

रात्री मी शब्दकोश उघडून बसते.
सुटका. स्राव. जहाजावरून माल उतरवणे.
बंदुकीचा बार. कर्जाची फेड.
आणि विसर्ग,
तिथे माझं बोट थांबतं, कारण हा शब्द
आई कऱ्हाडहून फोनवर सांगते,
जशा बाकीच्या आया तब्येत सांगतात:
कोयनेतून आज इतके हजार,
आपल्याकडे अजून काही नाही, तू जेवलीस का.

पटवेकर बाई फळ्यावर खडूने दोनदा टोचायच्या:
दुःखातला विसर्ग विसरू नका, अर्धा गुण जातो.
आम्ही विसरायचो.
दोन टिंबं गाळूनही
शब्द वाचता यायचा सगळ्यांना.

शुक्रवार. डिस्चार्ज लाउंज नावाची एक खोली,
निजायला खाट नाही, राहायला परवानगी नाही,
पाच माणसं कोट घालून बसलेली,
प्रत्येकाच्या मांडीवर गोळ्यांची कागदी पिशवी.
भिंतीवरच्या यंत्रात एकच चॉकलेट अडकून लोंबतंय.
खिडकीतून टाइन नदीचं तोंड दिसतं,
काका तिकडे पाठ करून बसलेत.

डेनिस सहीचा कागद आणते.
ते सही करतात, मग नळीचं शेवटचं पान उघडून
रिकाम्या ओळीवर बोट ठेवतात.
काय हवंय यांना?
मी सांगते: वर्तणुकीचा शेरा.
ती खिसे चाचपते. तिच्याकडे शिक्का एकच,
आजच्या तारखेचा.
तो मारते. मग कानामागचं पेन काढून
बराच वेळ काहीतरी लिहिते,
जीभ किंचित बाहेर काढून, शाळेतल्यासारखी.

‘काय लिवलान?’

लिहिलंय, वागणूक फार चांगली.
चहा मात्र चारचारदा मागतात
आणि दरवेळी म्हणतात, कच्चा आहे.

या वेळी पदरचं काही घातलं नाही.

काका पुस्तक मिटतात, पुन्हा उघडतात,
शाई वाळली का ते बोटाने बघतात.
गाडी अजून आलेली नाही.
सव्वा तास झाला.
म्हणजे माझे दोन तासांचे पैसे.